बाबांच्या कागदावरची शेवटची ओळ

ताई,

माझं वय 27. चार महिन्यांनी माझं लग्न आहे. मुलगा मी पसंत केलेला, दोन्ही घरांना मान्य. तक्रार करावी असं काहीच नाही, तरी गेले पंधरा दिवस मला धड झोप नाही.

बाबांचं कपाट आवरताना एक कागद सापडला. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे त्यांनी लग्नाचा हिशोब मांडला होता. हॉल, जेवण, कपडे, दागिने, सजावट, फोटो, पाहुण्यांची राहायची सोय. खाली बेरीज. त्याखाली त्यांच्याकडची शिल्लक. वजाबाकी करून उरलेल्या आकड्यापुढे लिहिलं होतं, 'कर्ज, 5 वर्षं'. तो आकडा एकूण खर्चाच्या 60 टक्के आहे. आणि अगदी तळाला, लहान अक्षरात, 'डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी'.

बाबा 58 वर्षांचे आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. मी विषय काढला तर म्हणाले, "तू यात लक्ष घालू नकोस. एकदाच तर करायचंय. इतक्या जणांच्या लग्नांना जाऊन आलोय आपण, आता आपल्या घरचं कसंतरी उरकलं तर कसं दिसेल?" आई काहीच बोलत नाही.

मी नोकरी करते. हे कर्ज माझ्याच नावावर काढावं आणि लग्नानंतर माझ्या पगारातून फेडावं असं मनात येतं. पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात जाईल. पण मग होणाऱ्या नवऱ्याला सांगावं लागेल आणि मला त्याची लाज वाटते. यांच्याकडे एवढंही नव्हतं का, असं त्याला वाटलं तर? त्याला न सांगता फेडता येईल का? की बाबांच्या मनासारखं होऊ द्यावं? माझे एक मामा बिनव्याजी पैसे द्यायला तयार आहेत, पण त्याला आई नको म्हणते.

– एक लेक

लेकी,

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी अडकले ती एका वाक्यापाशी. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी. बाबांनी ते लहान अक्षरात लिहिलं आणि तूही एका ओळीत उरकलंस. सजावटीला, फोटोंना कागदावर स्वतःची जागा मिळाली आणि बाबांच्या डोळ्याला तळाचा कोपरा. मी तिथूनच सुरुवात करते, कारण माझं बाकीचं सगळं म्हणणं त्या ओळीतून निघतं.

ऑपरेशन लग्नाच्या आधी करून घ्या. काय झालंय ते तू लिहिलेलं नाहीस, पण या वयात बहुतेक वेळा मोतीबिंदूच असतो. ती शस्त्रक्रिया फार वेळाची नसते, सहसा त्याच दिवशी घरी सोडतात आणि काही आठवड्यांत नजर स्थिरावते. दोन्ही डोळ्यांचं करायचं असेल तर डॉक्टर बहुधा मध्ये काही दिवस जाऊ देतात, म्हणून वेळ आत्ताच घ्यायला हवी. मोतीबिंदूऐवजी काचबिंदू निघाला तर मात्र पुढच्या वर्षाची भाषाच नको, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की हे वर्षभर थांबवण्यासारखं आहे का. ज्या लग्नासाठी बाबा एवढा खटाटोप करताहेत ते त्यांना धुक्यातून दिसावं, हे मला मान्य नाही आणि तुलाही नसेल.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी थोडक्यात देते, कारण तुला झोप नाही. बाबांनी हे कर्ज काढू नये. तूही ते होणाऱ्या नवऱ्यापासून लपवून काढू नयेस. काढावंच लागलं तर ते आत्ताच्या आकड्यापेक्षा खूप लहान असावं, तुझ्या नावावर असावं आणि सही करण्याआधी त्याला माहीत असावं. मामांच्या बाबतीत, आई नको का म्हणते ते तिला एकदा शांतपणे विचार. गप्प बसणाऱ्या माणसांना पुष्कळ माहीत असतं.

बाबांनी का नको? साधा हिशोब आहे. पाच वर्षांचे 60 हप्ते. बाबांचा पगार आणखी 24 महिने येणार. म्हणजे 36 हप्ते पगार बंद झाल्यावर भरायचे. ते निवृत्तीच्या पैशातून जातील, आणि तो पैसा पुन्हा कमावता येत नाही. तुला चूक निस्तरायला पुढची तीस वर्षं आहेत, त्यांना नाहीत. त्यातून 61व्या, 62व्या वर्षी दवाखान्याचा एखादा मोठा खर्च निघालाच तर तो कोण करणार? तूच करशील आणि आनंदाने करशील. म्हणजे आज त्यांनी सही केली तरी ते कर्ज फिरून तुझ्याचकडे येण्याची शक्यता आहे, फक्त उशिरा आणि वाढलेल्या व्याजासह. हे तू बाबांना असंच सांगू शकतेस. भावनेच्या वादात ते तुला हरवतील. या 24 आणि 36 च्या आकड्यांशी मात्र त्यांना वाद घालता येणार नाही.

तरीही बाबांना हट्टी म्हणू नकोस. 'कसं दिसेल' हा प्रश्न जगातल्या सगळ्या आईबापांना पडत आलाय आणि तो इतका जोरदार आहे की राज्यकर्त्यांना त्यासाठी कायदे करावे लागले. रोमचा सम्राट ऑगस्टस याने दोन हजार वर्षांपूर्वी मेजवान्यांच्या खर्चावर मर्यादा घातली. साध्या दिवशी 200 सेस्टर्स (रोमन नाणी) आणि लग्नाला 1,000. म्हणजे लग्नाच्या वेळी माणूस हात आखडता घेणार नाही हे कायदा करणाऱ्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्याने पाचपट सूट दिली. अगदी अलीकडे, 2007 साली, ताजिकिस्तानने कायदा करून लग्नाला 150 पाहुण्यांची मर्यादा घातली, कारण लोक लग्नांपायी कर्जात बुडत होते. जिथे सरकारांनाही मध्ये पडावं लागलं, तिथे एकट्या बापाने 'चार लोक काय म्हणतील' या दडपणाखाली कॅलेंडरच्या पानामागे हिशोब मांडला यात नवल नाही. बाबा हॉल आणि सजावट विकत घेत नाहीयेत. आजवर ज्यांच्या दारात आपण पाहुणे म्हणून गेलो, त्यांच्यापुढे एकदा यजमान म्हणून ताठ उभं राहायचं, एवढंच त्यांना हवंय. ही इच्छा लहान नाही. तिला पाच वर्षांचे हप्ते लागतात का, एवढाच आपला प्रश्न आहे.

म्हणून त्यांच्याशी बोलताना 'खर्च कमी करा' या वाक्याने सुरुवात करू नकोस. ते त्यांना 'तुमची ऐपत नाही' असं ऐकू येईल. एखाद्या संध्याकाळी, आई समोर असताना, तो कागद घेऊन त्यांच्याशेजारी बस. कागद सापडला हे लपवू नकोस. म्हण, "बाबा, तुमच्या मनात जे लग्न आहे ते मला सांगा. कोण कोण आलेलं दिसतंय तुम्हाला?" आणि ते बोलतील तेवढं ऐकून घे. माझा अंदाज आहे की ते माणसांची नावं घेतील. जुने सहकारी, लांबचे भाऊ, ज्यांच्याशी बोलणं तुटलंय असे कुणी. छताच्या सजावटीचं किंवा ड्रोनच्या फोटोंचं नाव ते काढणार नाहीत. मग कागदावरच्या ओळी एकेक करून वाच आणि विचार की यातलं काय नसेल तर ही माणसं यायची थांबतील?

यात एक बारीक गोष्ट आहे आणि लग्नाचा खर्च कमी करायला निघालेली बरीच माणसं नेमकी तिथेच चुकतात. माणसांची संख्या बेरजेत येत नाही, गुणाकारात येते. एक पाहुणा वाढला की ताट, खुर्ची, पत्रिका, राहायची सोय, हॉलचा आकार, सगळंच थोडं थोडं वाढतं. त्यामुळे पहिला विचार यादी निम्मी करण्याचा येतो. पण यादी कापताना नेमकी तीच माणसं कापली जातात ज्यांच्यासाठी बाबांना हे लग्न हवंय. त्यापेक्षा माणशी होणारा खर्च निम्मा करा आणि माणसं राहू द्या. जेवण साधं, पोटभर आणि गरम. पदार्थ मोजके. समारंभ एकाच वेळचा, शक्यतो दिवसा, म्हणजे रोषणाईचा आणि मुक्कामाचा खर्च पडत नाही. आठवड्याच्या मधला वार किंवा गर्दी नसलेला महिना घेतला तर तोच हॉल बराच स्वस्तात मिळू शकतो. हॉलची आगाऊ रक्कम भरून झाली असेल तर आधी विचारा की तारीख किंवा वेळ बदलली तर तिचं काय होतं. ते लेखी घ्या.

एका अभ्यासाचं सांगते, बाबांना आवडेल. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मायलॉन या अर्थतज्ज्ञांनी 2014 साली, लग्न झालेल्या 3,000 हून जास्त लोकांची माहिती तपासली. लग्नसमारंभावर भरमसाट खर्च केलेल्यांमध्ये घटस्फोटाचं प्रमाण जास्त आढळलं आणि ज्यांच्या लग्नाला जास्त माणसं आली होती त्यांच्यात ते कमी आढळलं. ही एका देशातली माहिती आहे आणि खर्चामुळेच संसार मोडतो असं काही त्यातून सिद्ध होत नाही. पण माणसं आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून नीट दिसतं. बाबांना माणसं हवी आहेत. ती ठेवूनही कागदावरची बेरीज खाली आणता येईल.

एवढं करूनही तूट उरेल, कदाचित. मग कर्जाकडे वळू.

कर्जाचे आकडे मी शंभरावर सांगते, म्हणजे तुला हवी ती रक्कम त्यात घालता येईल. समज, वर्षाला 14 टक्के व्याजाने, घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज), शंभर घेतले. तीन वर्षांत फेडलेस तर दरमहा साधारण 3.42 द्यावे लागतील आणि एकूण 123 जातील. पाच वर्षांत फेडलेस तर हप्ता 2.33 वर येतो, पण एकूण जवळपास 140 जातात. सात वर्षं केलीस तर हप्ता आणखी खाली, 1.87, आणि एकूण 157. देणारा तुला नेहमी लहान हप्ता दाखवेल, कारण मुदत लांबली की त्याचं व्याज वाढतं. तू 'एकूण किती जाणार' हा आकडा विचार आणि तो कागदावर लिहून घे.

दुसरं, 'फ्लॅट' व्याज. हा शब्द कानावर पडला की सावध हो. फ्लॅट 10 टक्के म्हणजे 14 पेक्षा स्वस्त, असं कुणालाही वाटेल. पण फ्लॅटमध्ये मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज लावतात, तू अर्धी रक्कम परत केलेली असलीस तरी. शंभरावर पाच वर्षांचं फ्लॅट 10 टक्क्याने 50 व्याज होतं, एकूण 150, दरमहा अडीच. घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे 10 चं कर्ज 14 च्या कर्जापेक्षा महाग! हे समजावून सांगायला फारसं कुणी थांबत नाही. शिवाय प्रोसेसिंग फी, कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा विमा आणि मुदतीआधी फेडलं तर लागणारा दंड, या तिन्हींबद्दल सहीच्या आधी विचार.

क्रेडिट कार्डावर किंवा पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपवर लग्न करू नकोस. महिन्याला शेकडा तीन ऐकायला बारीक वाटतं, पण थकलेल्या रकमेवर चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. रक्कम किती दिवसांत दुप्पट होते ते काढायची एक सोपी युक्ती आहे, 72 ला दराने भागायचं. 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पाचिओलीच्या गणिताच्या पुस्तकात ती आहे. महिन्याला शेकडा दोन म्हणजे 72 भागिले 2, छत्तीस महिने. काही न फेडता तीन वर्षं गेली की जेवढं घेतलं तेवढंच आणखी अंगावर. खाजगी सावकाराकडे जायचा विचार घरात कुणाच्या मनात आला तर हा भागाकार त्याच्यासमोर करून दाखव.

लग्नात येणाऱ्या भेटींच्या पैशांवर कर्जाचा हिशोब बांधू नका. ते पैसे आले तर आले.

आता तू लिहिलंस त्या हप्त्याचं. पगाराचा तिसरा हिस्सा. मला तो फार वाटतो. नवं घर लावताना पहिल्या वर्षात इतके किरकोळ खर्च निघतात की आत्ता तुला त्यांची कल्पनाही येणार नाही. पुढे घरासाठी कर्ज काढायला गेलात की देणारा आधी चालू हप्ते मोजतो आणि तुमची पात्रता तेवढी कमी धरतो. म्हणून माझी एक सूचना आहे. लग्नाला चार महिने आहेत ना? याच पगारापासून तो हप्ता भरायला लाग. कुणाला द्यायचा नाही, वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. चार महिने जमलं, फारशी ओढाताण झाली नाही, तर कर्ज झेपेल असं समजू आणि तोवर चार हप्त्यांची रक्कम हाताशी आलेली असेल, तेवढं कर्ज कमी. दुसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर तुला उत्तर सही करण्याआधीच मिळालं. माझं मत विचारशील तर जेवढं लग्नानंतरच्या एका वर्षात फिटेल तेवढंच कर्ज काढावं. त्यापुढचं समारंभातून कापावं.

आणि आता लाज. होणाऱ्या नवऱ्याला सांगायची लाज.

न सांगता फेडता येईल का, असं विचारलंस. नाही येणार. पगाराचा तिसरा भाग दर महिन्याला कुठे जातो हे एकाच घरात राहून लपवायचं म्हणजे महिन्याला एक नवी थाप. पहिल्यांदा सांगशील बचत करते, मग मैत्रिणीला दिले, मग पगार उशिरा झाला. कर्ज एक दिवस फिटेल, पण थाप उघडी पडली की पुढे तुझ्या खऱ्या बोलण्यावरही तो आधी थबकेल. कर्जापायी झालेली भांडणं मी या सदरात पुष्कळ वाचली आहेत. त्यात रक्कम किती होती हे फारसं कुणी लिहीत नाही. 'मला सांगितलंच नाही' हे वाक्य मात्र जवळपास प्रत्येक पत्रात असतं.

लाजेचं दुसरं टोकही बघ. तू म्हणतेस त्याला वाटेल, यांच्याकडे एवढंही नव्हतं. पण त्याच्या घरी असाच एखादा कागद कुठल्यातरी कपाटात नसेल कशावरून? पुष्कळदा दोन्ही घरं एकमेकांना शोभावं म्हणून खर्च वाढवत जातात. हे म्हणतात त्यांच्याकडच्यांना बरं दिसायला हवं, ते म्हणतात यांच्याकडच्यांना. समोरच्या घराला खरंच ते हवंय का हे मात्र कुणी विचारत नाही. ते तू विचार. निवांत वेळ बघून त्याला इतकंच सांग, "बाबांनी लग्नासाठी कर्ज काढायचं ठरवलंय आणि स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. मला ते होऊ द्यायचं नाही. आपण दोघं मिळून समारंभ लहान करूया का?" यात तू पैसे मागत नाहीस, क्षमाही मागत नाहीस. तुझ्या घरात काय चाललंय ते त्याला सांगतेस, जे तसंही चार महिन्यांनी त्याचंही घर होणार आहे. तो काय म्हणतो ते ऐक. "मग आपण दिवसाचा साधा समारंभ करू, मी माझ्या घरी बोलतो" असं म्हणाला तर तुझं निम्मं ओझं तिथेच उतरलं. गप्प राहिला, वेळ मागितली, तर दे. पहिल्या ऐकण्यात कुणीही गोंधळतो. आणि "ते तुमचं तुम्ही बघा, समारंभ ठरल्यासारखाच झाला पाहिजे" असं म्हणाला, तर लेकी, मला पुन्हा पत्र लिही. मग आपल्याला कर्जापेक्षा वेगळ्या गोष्टीवर बोलायला लागेल.

मामांचं राहिलं. बिनव्याजी पैसा स्वस्त असतो असं आपण धरून चालतो. मी एकदा देणाऱ्याच्या जागी होते, म्हणून ती बाजू सांगते. माझ्या एका मावसभावाला त्याच्या लग्नासाठी मी पैसे दिले होते. मनापासून दिले, मुदत घातली नाही, कागद केला नाही, उलट "होतील तेव्हा दे" असं म्हणाले. तेच चुकलं. त्याला वाटत राहिलं की मी वाट बघतेय आणि मला वाटत राहिलं की तो विसरला. घरच्या कार्यक्रमांत तो मला टाळायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले की तो बाहेरच्या खोलीत जायचा. त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने सगळ्यांना फोन केला, मला केला नाही. मला नंतर त्याच्या बायकोकडून कळलं की त्याला वाटत होतं, मी पैशांचं विचारेन. मला तर बाळाचं नाव विचारायचं होतं. पुढे काही वर्षांनी त्याने सगळे पैसे परत केले, एकरकमी, पाकिटात घालून, आणि चहाही न घेता गेला. आजही आमचं बोलणं जेमतेम आहे. मी त्या दिवशी "दर महिन्याला एवढे, अमुक महिन्यापर्यंत" असं दोघांच्या सहीने लिहून घेतलं असतं, तर माझा भाऊ माझ्याकडे राहिला असता असं मला अजून वाटतं.

तुझ्या आईला कदाचित असंच काहीतरी ठाऊक असेल. भावाच्या पैशाने तिच्या लेकीचं लग्न झालं तर उद्या माहेरच्या दारात तिला कसं वाटेल, हे तीच सांगू शकेल. तिने हो म्हटलं तरच मामांचे पैसे घ्या, आणि घेतलेत तर कागद करा. रक्कम, दरमहा किती, कधीपासून, कधीपर्यंत, आणि एखादा महिना चुकला तर काय. मामा म्हणतील "आपल्यात कसला कागद?" तू म्हण, "मामा, मला तुमच्यासमोर यायला कधी संकोच वाटू नये म्हणून."

बाबा एका बैठकीत ऐकणार नाहीत, हे धरूनच चल. पहिल्या दिवशी रागावतील, दुसऱ्या दिवशी बोलणार नाहीत. त्या काळात वाद वाढवू नकोस, हप्त्याचं वेगळं खातं उघड आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे. लग्नाचा विषय बंद असला तरी डोळ्याचा विषय चालू ठेवता येतो. त्यांना घेऊन तू स्वतः जा, आईला सोबत घे. तपासणीला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यानंतर काही तास अंधुक दिसतं, त्यामुळे येताना त्यांना हात धरून आणावं लागेल. रिक्षात किंवा गाडीत शेजारी बसलेल्या बापाशी बोलणं समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा सोपं जातं. त्या वेळी 24 आणि 36 चा हिशोब हळूच काढ. कागद काढू नकोस, त्यांना तो पाठ आहे.

डॉक्टरांनी ऑपरेशनची जी तारीख दिली ती मला कळव. लग्नाची पत्रिका नंतर पाठवलीस तरी चालेल.

– ताई